तपन चढायच्या आधीच कातडी भाजते

मे महिन्यातली सकाळ, साडेनऊ वाजलेले. वावरात पऱ्हाटीची धसकटं वेचणं चालू आहे. झळा अजून सुरू व्हायच्या आहेत, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली टेकलं तर बरं वाटतं. तपन चढली की घरी जायचं, असं ठरलेलं. बाराला काम थांबतं, माणसं घरी येऊन कूलरपुढे बसतात. आणि संध्याकाळी मान, कान, दंड पेटल्यासारखे होतात. भर दुपारी तर कोणी बाहेर पडलंच नव्हतं, मग भाजलं कधी?

भाजलं ते साडेनऊ ते बारा याच वेळात. विदर्भात उन्हाचा धाक आहे, पण तो उष्णतेचा: लू लागेल, चक्कर येईल, अंगातलं पाणी जाईल. हा धाक रास्तच आहे. ४५ अंशांच्या दिवशी उष्माघाताने माणूस दगावतो, नुसती कातडी भाजल्याने सहसा दगावत नाही. पण त्यातून एक समज पक्का झाला आहे, की अंगाला चटका जाणवला तरच ऊन लागलं. कातडी जाळणारा किरण वेगळा आहे. तो दिसत नाही, त्याची ऊब लागत नाही आणि त्याचा जोर उष्णतेच्या तीन-एक तास आधीच कळसाला पोचलेला असतो.

दोन वेगळी घड्याळं

उन्हात डोळ्यांना दिसणारा उजेड असतो, ऊब देणारे अवरक्त किरण असतात आणि थोडासा हिस्सा अतिनील किरणांचा असतो. अतिनीलचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. यूव्हीबी कातडीच्या वरच्या थरातच अडतो आणि भाजतो. यूव्हीए खोलवर जातो. तो चटकन भाजत नाही, पण कातडी काळपट करतो, वांग वाढवतो, वर्षानुवर्षांनी सुरकुत्या पाडतो. साधी काच यूव्हीबीला जवळजवळ पूर्ण थोपवते, यूव्हीए मात्र बराचसा आत येऊ देते. वर्षानुवर्षं ट्रक चालवणाऱ्याचा खिडकीकडचा उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त रापलेला असतो, तो यामुळेच.

जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो, म्हणून पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास सगळ्यात वर जातो. अतिनील किरण जमीन तापायची वाट पाहत नाहीत. सूर्य जितका डोक्यावर, तितका किरणांचा हवेतून होणारा प्रवास कमी आणि वाटेतला ओझोनचा थरही तितकाच पातळ. नागपूरकडे मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे सकाळी १० चं ऊन आणि दुपारी २ वाजून २० मिनिटांचं ऊन कातडीच्या हिशेबाने सारखंच. अंगाला मात्र दुपारचं असह्य वाटतं आणि सकाळचं चालवून घेतलं जातं.

त्यात विदर्भ कर्कवृत्ताच्या थोडा खाली आहे. त्यामुळे मेच्या उत्तरार्धात एक दिवस सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. नागपुरात हा दिवस २६ मेच्या आसपास, दक्षिणेकडे चंद्रपूर-गडचिरोलीत त्याच्या काही दिवस आधी. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, तोही याच दिवसांत लागतो. अतिनील किरणांची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात, त्यात ८ ते १० म्हणजे फार जास्त आणि ११ च्या पुढे अतितीव्र. एप्रिल-मेच्या निरभ्र दिवशी आपल्याकडे बाराच्या सुमारास तो ११ ओलांडतो.

हा आकडा मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये दिसतो, पण वावरात त्याची गरज नाही. सपाट जागी उभं राहून स्वतःची सावली पाहायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य ४५ अंशांच्या वर आला आणि झाकून घ्यायची वेळ झाली. मे महिन्यात विदर्भात ही वेळ सकाळी नऊच्या आसपास सुरू होते आणि दुपारी साधारण साडेतीनला संपते. साडेतीननंतर झळा तितक्याच असतात, उष्माघाताचा धोका कायम असतो, पण कातडी भाजायचा जोर ओसरलेला असतो.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली वारा: मोटारसायकलवर वारा लागतो, घाम वाळतो, चटका जाणवत नाही आणि हॅंडलवरचे हात तासाभरात भाजतात. दुसरी ढग: पातळ ढगातून बहुतेक अतिनील किरण सरळ खाली येतात, कमी होते ती फक्त ऊब. तिसरी पाणी: कालव्यात, विहिरीत डुंबणाऱ्या पोरांना गार वाटतं, पण अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागावरच्या किरणांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास पोचतात. पोरांची पाठ आणि खांदे सोलवटून निघतात ते इथे. आणि लू लागू नये म्हणून ठेवलेला खिशातला कांदा? ठेवायचा तर ठेवावा, भाकरीसोबत खाता येतो. कातडीच्या कामाचा नाही.

सावळी कातडीही भाजते

प्रत्येक पेशीच्या गाभ्यात तिच्या कामाचा लेखी दाखला असतो, तो म्हणजे डीएनए. यूव्हीबी त्या दाखल्यावर पडला की शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. सातबाऱ्यावरच्या दोन ओळी शाई फुटून एक झाल्यासारखं. थोडी खराबी असली तर पेशी ती दुरुस्त करते. खराबी फार असली तर ती स्वतःच मरते. चार-सहा दिवसांनी निघणारं सालटं म्हणजे अशा मेलेल्या पेशींचा थर. दुरुस्तीसाठी रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणून भाजलेली जागा गरम लागते, सुजते, दुखते.

कातडीचा काळेपणा ज्या रंगद्रव्यामुळे असतो ते मेलॅनिन, पेशीच्या गाभ्यावर टोपी घातल्यासारखं वरच्या बाजूला जमा होतं आणि किरण शोषतं. त्यामुळे गोऱ्या माणसापेक्षा सावळ्याला भाजायला जास्त वेळ लागतो. जास्त वेळ लागतो, इतकंच. दिवसाचे सहा तास वावरात काढणाऱ्याचा तो वेळ केव्हाच संपलेला असतो. रापल्याने कातडी पक्की होते म्हणतात, त्यातही तथ्य थोडंच. रापणं ही जखम झाल्यावरची डागडुजी आहे आणि तिच्यामुळे मिळणारं जादा संरक्षण पातळ कापडाच्या एका पदराइतकंही नसतं. त्वचेचा कर्करोग मात्र आपल्या कातडीत गोऱ्या लोकांच्या तुलनेत फारच कमी होतो. त्याची भीती घालून क्रीम विकणं बरोबर नाही. जन्मतः अंगात रंगद्रव्य नसलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना हा धोका खराखुरा आहे आणि त्यांनी लहानपणापासून उघड्या अंगाने उन्हात जायचंच नाही.

सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून भाजलेलं ओळखायचं हाताने. बोटांच्या मागच्या बाजूने आधी झाकलेला भाग चाचपायचा, मग उघडा. उघडा भाग जास्त गरम लागतो, कातडी ताणल्यासारखी वाटते, सदऱ्याची कॉलर घासली तरी झोंबतं, अंघोळीचं कोमट पाणी चटका देतं. हे सुरू होतं ऊन लागल्यावर तीन ते सहा तासांनी आणि कळसाला पोचतं १२ ते २४ तासांनी. हा उशीरच सगळा घोळ करतो. वावरात असताना काहीच दुखत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा होणारं होऊन गेलेलं असतं.

कुठे भाजतं ते कामावर ठरतं

उभ्या माणसाचं नाक, कानांच्या पाळ्या, खांदे आणि चपलेतून उघडं राहणारं पाऊल भाजतं. वाकून काम करणाऱ्याचं वेगळं. उन्हाळी भुईमुगाचं निंदण, मिरचीची तोडणी, भंडारा-गोंदियाकडची उन्हाळी धानाची कापणी, यांत पाठ आकाशाकडे असते. मग मानेची मागची बाजू, ब्लाउजच्या गळ्यातून उघडी राहणारी पाठ, कमरेवर सदरा वर सरकतो ती चार बोटांची पट्टी आणि पोटऱ्या. दुपारी घरी आल्यावर चेहरा आरशात ठीक दिसतो, कारण चेहरा दिवसभर जमिनीकडेच होता.

विदर्भातल्या शेतात काम करणाऱ्या बाया साडीवरून पुरुषी फुल बाह्यांचा सदरा घालतात. कापूस वेचताना बोंडाच्या काट्यांसाठी पडलेली ही सवय उन्हासाठीही उत्तम आहे. फक्त तीन जागा सुटतात. सदऱ्याचं वरचं बटण उघडं राहतं तिथे गळ्याखाली त्रिकोण भाजतो. बांगड्यांमुळे बाहीचं बटण लागत नाही, बाही वर सरकते आणि मनगटावर पट्टा पडतो. आणि पदर डोक्यावरून घेतला तरी वाकल्यावर तो पुढे घसरतो, मान मागून उघडी पडते. गळ्याचं बटण लावायचं, बाहीच्या टोकाला सैल इलॅस्टिक शिवून घ्यायचं आणि पदराची टोकं सदऱ्याच्या कॉलरखाली खोचून वर रुमाल बांधायचा. शिंप्याचे दहा-वीस रुपये सोडले तर खर्च नाही.

कापडाची पारख

सदरा कोणताही चालतो असं नाही. कापड उजेडासमोर धरायचं. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर तितकेच किरणही आत येणार. पाच वर्षं धुऊन धुऊन जाळीदार झालेला मलमलीचा पांढरा सदरा हवेशीर वाटतो, पण त्याखालची पाठ रापते. पातळ पांढरी सुती बनियन साधारण पाचातला एक किरण आत सोडते. घट्ट विणीचं मांजरपाट, जाड खादी, टेरीकॉट ही सगळी त्याहून कितीतरी चांगली. मांजरपाट न विरंजलेलं असतं आणि कच्च्या कापसातले नैसर्गिक रंगही किरण शोषतात, म्हणून ते दूधपांढऱ्या सुती कापडापेक्षा सरस ठरतं. त्याच जाडीच्या कापडात गडद रंग फिक्यापेक्षा जास्त किरण अडवतो. पण काळं कापड तापतं, म्हणून मधला कोणताही रंग, निळा, खाकी, तपकिरी, घ्यावा आणि सदरा एक माप मोठा शिवावा. घट्ट कापड अंगावर ताणलं जातं, विणीची छिद्रं उघडतात आणि हवाही खेळत नाही.

आता ओल्या शेल्याचा प्रश्न. उन्हाळ्यात शेला, गमछा, दुपट्टा पाण्यात पिळून डोक्याला गुंडाळायची पद्धत आहे आणि उष्माघाताच्या दृष्टीने ती सोन्यासारखी आहे. पाणी वाळताना डोक्याची उष्णता घेऊन जातं. पण पातळ सुती कापड ओलं झालं की धाग्यांमधली हवेची जागा पाणी घेतं, किरण विखुरायचे थांबतात आणि सरळ आत येतात. ओला पांढरा सदरा अंगाला चिकटून आरपार दिसतो, तीच गोष्ट. म्हणून ओलं करणं सोडायचं नाही, पदर वाढवायचे. शेला दुहेरी घडी करून ओला करायचा, डोक्यावरून घेऊन दोन्ही कान आणि मान झाकेल असा बांधायचा. जाड टॉवेल असेल तर तो एकेरीही चालतो. घामाने भिजलेल्या सदऱ्यालाही हाच नियम लागू, म्हणून आत बनियन ठेवावी. दोन पातळ थर मिळून एका बऱ्या थराचं काम करतात.

टोपीचं सांगायचं तर क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी कपाळ आणि नाक वाचवते, कान आणि मान सोडून देते. गांधी टोपी टाळू झाकते, बाकी काही नाही. चारही बाजूंनी किमान ७-८ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं, कडा असलेली टोपी हवी. ती नसेल तर कोणतीही टोपी आणि तिच्याखालून मानेवर सोडलेला शेला, हा जोड तिच्या तोडीचा आहे.

सावलीबद्दल थोडंच. आंबा, चिंच, वड यांची सावली दाट. बाभळीची आणि बोरीची विरळ, तिच्यात शिदोरी खाता येते पण तासभर झोपू नये. वर हिरव्या जाळीचा मांडव असला तरी बाजूचं मोकळं आकाश किरण पाठवत राहतंच. रोहयोच्या तलाव खोदाईवर किंवा वीटभट्टीवर झाड नसतं, तिथे सावलीपेक्षा वेळ बदलणंच कामाचं: उजाडताच सुरू, दहा-साडेदहाला बंद. गडचिरोलीकडे तेंदूपत्ता तोडणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. पहाटे जंगलात शिरतात, ऊन वर यायच्या आत पत्ता घेऊन परततात आणि पुडके बांधायला मांडवात बसतात.

क्रीमचा हिशेब

सनस्क्रीनच्या ट्यूबवर एसपीएफ लिहिलेला असतो. एसपीएफ ३० म्हणजे यूव्हीबीच्या ३० भागांतला एक भाग आत येतो, ५० म्हणजे ५० तला एक. शंभरात मोजलं तर तीन आणि दोन. फरक इतकाच, म्हणून ३० च्या पुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ३० चंच क्रीम पुरेसं लावावं. यूव्हीएसाठी डब्यावर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, ती तीन तरी हवीत.

गडबड होते ती 'पुरेसं' या शब्दात. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात. घरात माणसं त्याच्या अर्धं किंवा पावच लावतात आणि संरक्षणही त्याच मापाने घसरतं. योग्य प्रमाण असं: चेहरा आणि मान मिळून चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त, म्हणजे ३ मिलिलिटर. एका पूर्ण हाताला तितकंच. एका पायाला ६. आणि दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला तर त्याआधीच.

आता वावरात जाणाऱ्याने हिशेब मांडावा. चेहरा, मान आणि दोन्ही हात म्हणजे एका वेळेला ९ मिलिलिटर. सकाळी एकदा आणि दोन तासांनी एकदा धरलं तर १८. तीन-चारशे रुपयांची ५० ग्रॅमची ट्यूब तीन दिवसही पुरणार नाही. तेच फुल बाह्यांचा सदरा आणि मानेवर शेला असला की उरतो चेहरा आणि हाताचे पंजे. ट्यूब आठवडाभर जाते. शेल्याने गाल झाकले तर नाक, गालाचा वरचा भाग आणि पंज्यांची मागची बाजू एवढंच उरतं, मग पंधरवडा. कापड आधी आणि क्रीम उरलेल्या फटींना, हा क्रम एवढ्यासाठी. ज्याला ट्यूब परवडत नाही त्याने हळहळू नये, नीट झाकलेल्या अंगाला तिची गरज फार थोडी असते.

लावायचं ते घरून निघायच्या १५-२० मिनिटं आधी, कोरड्या कातडीवर, न चोळता थापून पसरवत. कानाच्या पाळ्या आणि चपलेच्या पट्ट्यांमधलं पाऊल हमखास विसरतं. कपाळावर शेला येणार असेल तर कपाळाला लावूच नये. घाम तेच क्रीम डोळ्यांत नेतो, डोळे चरचरतात आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून क्रीम सोडून देतो. ट्यूब मोटारसायकलच्या डिकीत ठेवली की तापून पातळ होते, तेल आणि पाणी वेगळं होतं. आतलं क्रीम असं फाटलेली ट्यूब टाकून द्यावी. घरात ती पिशवीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवली तर उन्हाळा काढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचं नाही, त्याला फक्त सावली आणि अंगभर सैल कापड.

खोबरेल तेल, मुलतानी माती, चंदन, हळद यांच्यावर उन्हासाठी भिस्त ठेवू नये. रुक्ष, भेगाळ कातडीवर तेल लावलं तर किरण उलट अधिक सहज आत जातात. तेल रात्रीचं.

वांग असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वांग नुसत्या अतिनीलने नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो. साधं पांढरं सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं क्रीम तो अडवतं. औषधाच्या दुकानात 'टिंटेड' म्हणून मागावं.

ज्यांना लवकर लागतं

काही औषधं चालू असताना तेच ऊन दुप्पट भाजतं. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळ्यांमधलं हायड्रोक्लोरोथायझाइड, गजकर्णासाठीचं ग्रिसिओफुल्विन, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ही नेहमीची नावं. गोळी मनाने बंद करायची नाही. उन्हात काम आहे असं डॉक्टरांना सांगायचं आणि झाकायचं जास्त. गजकर्णावर किंवा गोरं दिसण्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचं दुखणं मोठं आहे. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावल्याने कातडी कागदासारखी पातळ होते आणि सकाळचं कोवळं ऊनही सोसवत नाही.

पांढऱ्या डागांच्या जागी रंगद्रव्यच नसतं, ती जागा काही मिनिटांत भाजते. त्यात कोणी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगतं. बावचीत असलेलं सोरालेन कातडीला किरणांसाठी हळवं करतं. डॉक्टर हीच गोष्ट मोजून-मापून, मिनिटं धरून वापरतात. अंदाजाने केली तर फोड येतात, आणि फोडाच्या जखमेवर कधी कधी नवा डाग उठतो.

आणि प्रत्येक उन्हाळी पुरळ उन्हाचं नसतं. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, वाळल्यावर त्याचा भुगा हवेत उडतो आणि चेहरा-मानेला खाज, जाडपणा, काळेपणा आणतो. ओळखायचं जागेवरून. ऊन लागलं असेल तर पापण्या, कानामागची खोबण, हनुवटीखालचा भाग आणि कोपराची आतली घडी वाचलेली असते, कारण तिथे सावली असते. गाजर गवताची धूळ नेमकी याच घड्यांत साचते. पापण्या सुजून खाजत असतील तर कितीही सनस्क्रीन लावा, उपयोग शून्य. गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटणं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाणं हाच मार्ग. दोन्ही हातांवर आणि गळ्याभोवती सारखीच जाड काळी कातडी, सोबत हगवण आणि अशक्तपणा असेल तर ते नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. ज्वारीवरच भागवणाऱ्या घरांत आणि दारू पिणाऱ्यांत ते दिसतं आणि साध्या गोळ्यांनी बरं होतं.

भाजल्यावर

पहिलं काम थंडावा. माठातल्याइतक्या गार पाण्याने भिजवलेलं स्वच्छ फडकं १०-१५ मिनिटं ठेवायचं, तासा-दोन तासांनी पुन्हा. बर्फ थेट लावायचा नाही, भाजलेल्या कातडीला बर्फाने दुसरी इजा होते. पहिल्या दिवशी तूप, व्हॅसलिन, तेल नको. त्याखाली उष्णता कोंडते. टूथपेस्ट, राख, शाई कधीच नको. दही-ताक अखंड कातडीवर लावून फारसं बिघडत नाही, पण फोड फुटले असतील तर त्यातून जंतू शिरतात.

कोरफड चांगली, मात्र पान तोडून लगेच घासायचं नाही. तोडलेलं पान कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटं उभं ठेवलं की पिवळा चीक गळून जातो. तोच चीक कातडीला झोंबतो. मग पान धुऊन, काटेरी कडा काढून आतला पारदर्शक गर घ्यायचा आणि आधी मनगटावर थोडा लावून पाहायचा.

दुखत असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घ्यावी, पुढची गोळी सहा तासांनी. उन्हातून आलेल्या, पाणी कमी पडलेल्या माणसाने डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळावं. अंगात पाणी नसताना ही औषधं मूत्रपिंडाला इजा करतात. भाजलेल्या अंगातून पाणी जास्त जातं, म्हणून एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसभर घोट घोट प्यावं. फोड फोडायचे नाहीत, सुटं फडकं टाकून झाकायचे. पाठभर फोड आले, थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या, पू दिसला किंवा तान्हं मूल भाजलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. माणूस बरळायला लागला, अंग तापलं आणि शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात; सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा.

सालटं निघायला लागलं की ओढायचं नाही, खालची कातडी अजून कच्ची असते. आता खोबरेल तेल चालतं. नवी कातडी पुढचे दोन आठवडे तरी झाकूनच ठेवावी. मागे राहिलेला काळपटपणा उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. याच काळात घाईने लिंबू चोळलं जातं. लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही घटकांवर ऊन पडलं की तिथे नव्याने भाजतं. लग्नाच्या मांडवात शेकडो लिंबं पिळून तसाच उन्हात गेलेल्या माणसाच्या हातावर, रस जिथून ओघळला होता नेमक्या त्याच रेषेत, दोन दिवसांनी तपकिरी पट्टे उठतात. पिळून झाल्यावर साबणाने हात धुतले असते तर ते उठले नसते.